घरगुती बिअर : सातूच्या दाण्यापासून बाटलीपर्यंत

ह्या अंकांत बिअरवर लेख पाहून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. शेतकऱ्यांच्या मासिकानें पीक, खत, पाणी आणि जनावरें यांविषयीं बोलावें, मद्याचा विषय काढूं नये, असें मानणारे सभासद पुष्कळ आहेत व त्यांच्या मताचा आम्ही आदर करतों. परंतु बिअर हा झाला तरी धान्याचाच पदार्थ आहे. सातू, म्हणजेच जव, कोणत्या गुणांवर चढ्या भावानें विकला जातो आणि कोणत्या दोषांमुळें गुरांच्या खाद्याच्या दरानें पडून जातो, हें ज्याला जाणून घ्यावयाचें असेल त्याला बिअर कशी होते हें पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. दुसरें असें कीं, आपल्यापैकीं अनेकांचीं मुलेंबाळें आज विलायतेंत व अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत. तिकडे घरीं बिअर करणें हा लोणचें घालण्याइतका उघड छंद आहे. मुलगा तिकडे काय करतो, हें त्याच्या बापाला नीट समजावें, इतकाही ह्या लेखाचा उपयोग झाला तरी आम्हांला पुरे आहे.

एक गोष्ट मात्र आधींच स्पष्ट करतों. महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून मद्य तयार करणें हा गुन्हा आहे, आणि घरच्या वापरापुरती केलेली बिअरही त्यांतून सुटत नाहीं. म्हणून पुढील कृति ही, जेथें कायदा मोकळीक देतो तेथें राहणाऱ्यांसाठीं आहे. इकडील वाचकानें ती माहिती म्हणून वाचावी. प्रयोग करूं नये.

विलायतेंतील शेतकऱ्याच्या घरीं बिअर गाळणें हें एके काळीं आपल्याकडील ताक घुसळण्याइतकें नित्याचें काम होतें. विल्यम कॉबेट हा सरे परगण्यांतील फार्नम गांवीं जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा. पुढें तो नामांकित पत्रकार झाला व पार्लमेंटांतही गेला. त्यानें १८२१-२२ सालीं ‘कॉटेज इकॉनॉमी’ नांवाचें पुस्तक खंडशः प्रसिद्ध केलें. गरीब कष्टकऱ्यानें आपलें घर कसें चालवावें हें सांगणाऱ्या ह्या पुस्तकांत पहिला मान बिअर गाळण्याला दिला आहे. भाकरी, गाय आणि डुक्कर हे विषय मागाहून येतात. चहावर तर ह्या गृहस्थाचा भारी राग होता. चहानें अंगांत कस राहत नाहीं, उलट वेळ आणि जळण मात्र फुकट जातें, असें त्याचें म्हणणें. तें आज कोणी मान्य करणार नाहीं. पण त्याच पुस्तकांत त्यानें एक साक्ष नमूद केली आहे ती विचार करण्याजोगी आहे. ससेक्समधील एल्मन नांवाच्या एका वृद्ध व मोठ्या शेतकऱ्यानें पार्लमेंटच्या समितीपुढें सांगितलें कीं, चाळीस वर्षांपूर्वीं त्याच्या गांवांतील प्रत्येक मजूर आपली बिअर आपण गाळीत असे, आणि आतां तसा एकही उरला नाहीं.

असें कां झालें? मजुरी घटली हें एक कारण. दुसरें कारण सरकारी कर. सातूला मोड आणून तो भाजला कीं त्याला माल्ट म्हणतात. ह्या माल्टवर इंग्लंडांत १६९७ पासून कर होता. शेतकऱ्यानें स्वतःच्या शेतांतील सातूला स्वतःच्या घरांत मोड आणले, तरी तो करांतून सुटत नसे. आमच्या वाचकांना येथें मद्यापेक्षां मालकीचा प्रश्नच अधिक जवळचा वाटेल. आपल्या धान्यावर आपण संस्कार करून त्याची किंमत वाढवावी कीं कच्चा माल दुसऱ्याच्या दारांत नेऊन टाकावा, हा तो प्रश्न. ग्लॅडस्टन यांनीं १८८० सालीं हा कर रद्द करून तो तयार बिअरवर बसविला. मात्र घरीं बिअर करणाऱ्याला त्यानंतरही परवान्याची अट राहिलीच. ती अट १९६३ च्या अंदाजपत्रकांत रेजिनाल्ड मॉडलिंग यांनीं काढून टाकली. तेव्हांपासून इंग्लंडांत घरच्यापुरती बिअर मोकळेपणें करतां येते. विकतां मात्र येत नाहीं. अमेरिकेंतील दारूबंदी १९३३ सालीं उठली खरी, पण घरगुती बिअरला सवलत मिळण्यास १९७८ साल उजाडावें लागलें. आज तेथें संयुक्त सरकारच्या कायद्यानें एका सज्ञान माणसाच्या घरीं वर्षाला १०० गॅलन, आणि दोघे किंवा अधिक सज्ञान असलेल्या घरीं २०० गॅलनपर्यंत मुभा आहे. तरीही प्रत्येक संस्थानाचा कायदा निराळा असल्यामुळें अलाबामा व मिसिसिपी येथील लोकांना २०१३ पर्यंत वाट पाहावी लागली.

आतां धान्याकडे वळूं. आपल्या घरांतील बायका नाचणी भिजवून, फडक्यांत बांधून, मोड आल्यावर वाळवून तिचें सत्त्व करतात. माल्ट म्हणजे नेमकें तेंच. दाणा तेवढा सातूचा. दाण्यांत कोंबाच्या पोषणासाठीं पिष्टाची शिदोरी भरलेली असते. कोंब जागा झाला कीं दाणा आपल्या अंगीं कांहीं पाचक द्रव्यें निर्माण करतो, व तीं त्या पिष्टाची साखर करूं लागतात. माल्ट करणारा ह्या घडीला दाण्याला गांठतो. सातू दोन दिवस पाणी बदलीत भिजवावयाचा, त्यांतील ओल सुमारें ४५ टक्क्यांवर आली कीं तो चार-पांच दिवस गार जागीं पसरून उलथापालथ करीत राहावयाचें, आणि कोंब टरफलाच्या आंत दाण्याच्या पाऊण लांबीइतका सरकला कीं भट्टींत हळूहळू वाळवून त्याची वाढ थांबवावयाची. पाचक द्रव्यें शाबूत राहिलीं पाहिजेत, म्हणून फिकट माल्टाला शेवटची आंच ८० ते ८५ अंशांच्या पुढें देत नाहींत. (ह्या लेखांतील सर्व अंश सेंटिग्रेडचे आहेत.)

यावरून शेतकऱ्यानें काय घ्यावयाचें तें उघड आहे. माल्टाच्या गिऱ्हाइकाला मेलेला दाणा चालत नाहीं. शंभरांतले किमान पंचाण्णव दाणे तरी एकाच वेळीं उगवले पाहिजेत. भिजलेलें पीक मळून त्याची रास घातली, अथवा ओला माल फार तापवून वाळविला, तर दाणा बाहेरून सोन्यासारखा दिसतो व आंतून मेलेला असतो. दुसरी परीक्षा प्रथिनांची. खाण्याच्या धान्यांत प्रथिन जितकें अधिक तितकें बरें. माल्टाच्या सातूंत मात्र तें साधारण ९ ते ११.५ टक्क्यांच्या दरम्यान हवें. नत्रखताचा उशिरां दिलेला मोठा हप्ता पिकाला हिरवेंगार करतो, पण दाण्यांतील प्रथिन वाढवून पिष्ट घटवितो, आणि असल्या मालाची बिअरही गढूळ होते. राजस्थान व हरियाणांतील जे शेतकरी कराराने माल्टाचा सातू पिकवितात, त्यांना हा हिशोब चांगला ठाऊक असतो. येथेंच एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. आपल्या कृषि-महाविद्यालयांत वाणांची तुलना करतांना जी ‘टी’ नांवाची कसोटी लावतात, ती डब्लिन येथील गिनेस ह्या बिअरच्या कारखान्यांतील विल्यम गॉसेट यांनीं शोधून काढली. सातूच्या प्रयोगांत थोड्याच वाफ्यांवरून खात्रीचें अनुमान कसें काढावें, ही त्यांची अडचण होती. १९०८ सालीं त्यांनीं आपला निबंध ‘स्टुडंट’ ह्या टोपणनांवानें छापला, आणि तेंच नांव त्या कसोटीला चिकटलें.

नवशिक्यानें माल्ट घरीं करण्याच्या भरीस पडूं नये. तो तयार विकत मिळतो. काकवीसारखा घट्ट असा माल्टाचा पाकही डब्यांत मिळतो, व तिकडे बहुतेकजण पहिल्या खेपेस तोच वापरतात. त्यांत चूक कांहीं नाहीं. पण ज्याला धान्याचें वेड आहे त्यानें दाण्यापासूनच आरंभ करावा, असें आमचें मत आहे. माप लहान धरावें. एक गॅलन, म्हणजे साडेचार लिटर, बिघडली तर फारसें नुकसान नाहीं, आणि स्वयंपाकघरांतील पातेल्यांवर काम भागतें.

फिकट माल्ट एक किलो घ्यावा. त्याची भरड काढावी. पीठ करूं नये. जात्यावर डाळ भरडतांना जशी सालाची काळजी घेत नाहींत, तसें येथें चालत नाहीं. टरफल जेवढें अखंड राहील तेवढें चांगलें, कारण पुढें तेंच गाळणीचें काम करतें. तीन लिटर पाणी ७३-७४ अंशांपर्यंत तापवून त्यांत ही भरड सावकाश ढवळीत सोडावी, म्हणजे मिश्रण ६७ अंशांच्या आसपास स्थिरावतें. दिसण्यांत तें गुरांच्या आंबोणासारखें दिसतें. भांडें गोधडींत गुंडाळून तासभर तसेंच ठेवावें. सारी बिअर ह्या एका तासांत ठरते, म्हणून थर्मामीटरवर पैसा खर्च करण्यांत कुचराई करूं नये. ६३-६४ अंशांवर साखर अशी बनते कीं ती पुढें जवळजवळ सगळी आंबून जाते व बिअर कोरडी लागते. ६९-७० अंशांवर न आंबणारा अंश अधिक राहतो व बिअर भरीव लागते. ७५ च्या वर गेल्यास पाचक द्रव्यें झपाट्यानें निकामी होतात आणि हातांत पेज राहते. तासानें एक चमचा रस पांढऱ्या बशींत घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. निळा-काळा रंग आला तर पिष्ट अजून शिल्लक आहे असें समजून आणखी वेळ द्यावा. तपासलेला रस फेंकून द्यावा. तो परत भांड्यांत ओतूं नये.

मग जाड फडक्यांतून किंवा चाळणींतून रस गाळून घ्यावा व चोथ्यावर ७५-७६ अंशांचें चार लिटर पाणी थोडें थोडें शिंपडून उरलेली गोडी धुवून काढावी. चोथा एक लिटरभर पाणी धरून ठेवतो, म्हणून हातीं सुमारें सहा लिटर गोड काढा येतो. तो तासभर खळखळून उकळावा. उकळीच्या आरंभीं दहा ग्रॅम व शेवटच्या पांच मिनिटांत पांच ग्रॅम हॉप्स टाकावेत. हॉप म्हणजे भांगेच्या कुळांतील एका वेलीच्या मादीचें फूल. आपल्याकडे हिमाचलांतील लाहौल खोऱ्यांत त्याची लागवड झालेली आहे. त्याच्या पिवळ्या धुळींतील राळ तासभर उकळल्यावर कडवट होऊन पाण्यांत उतरते, आणि बिअर आंबविणाऱ्या कित्येक नकोशा जंतूंना वाढूं देत नाहीं. वास मात्र उडून जातो, म्हणून दुसरा हप्ता शेवटीं द्यावयाचा. आम्ही दिलेलें माप ईस्ट केंट गोल्डिंगसारख्या सौम्य जातीचें आहे. कडक जातीचे हॉप्स इतकेच घातले तर कडू काढ्याची आठवण होईल.

उकळी संपली कीं भांडें झांकून थंड पाण्याच्या टबांत ठेवावें व काढा २० अंशांपर्यंत लवकर निववावा. येथपर्यंत थोडा गबाळेपणा खपून गेला असेल. येथून पुढें मुळींच खपणार नाहीं. साखरेचा कोमट काढा हें हवेंतील प्रत्येक जंतूला दिलेलें जेवणाचें आमंत्रण आहे. ज्यांनीं विरजण लावलें आहे त्यांना हें वेगळें सांगावयास नको. विरजण चांगलें तर दहीं चांगलें, आणि भांड्याला जुन्या दुधाचा वास राहिला तर दहीं नासलेंच. जी जी वस्तु थंड काढ्याला लागणार, तीं भांडीं, नळी, चमचा, बूच, सारें आधीं घासून स्वच्छ करावें आणि मग जंतुनाशक द्रावणांतून काढावें. नुसतें जंतुनाशक टाकून मळ मरत नसतो. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असेल तर तें आधींच उकळून घालवावें, नाहींतर बिअरला दवाखान्याचा वास येतो, आणि नवशिक्याला तो कोठून आला हें कांहीं केल्या उमगत नाहीं.

निवलेला काढा कांचेच्या बरणींत ओतून चांगला हालवावा, व त्यांत तीन ते पांच ग्रॅम बिअरचें कोरडें यीस्ट टाकावें. यीस्ट ही सजीव बुरशी आहे, ती साखर खाऊन मद्यार्क व कर्बवायु सोडते, हें पाश्चरनें सिद्ध केलें व १८७६ सालीं बिअरवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यानंतर १८८३ सालीं कोपनहेगन येथें कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेंत हॅन्सेन यांनीं एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखविलें. बरणीचें तोंड घट्ट बंद करूं नये. पाण्यानें भरलेली वांकडी नळी बसविलेलें बूच लावावें, म्हणजे आंतला वायु बुडबुड करीत बाहेर पडतो व बाहेरची हवा आंत येत नाहीं. एका दिवसांत वर तपकिरी फेस चढतो. बरणी अंधारांत, १८ ते २० अंशांवर ठेवावी. उष्मा वाढला कीं बहुतेक यीस्ट डोकें दुखविणारीं उग्र द्रव्यें सोडतें. नॉर्वेच्या पश्चिमेकडील शेतकरी घराण्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या राखलेलें ‘क्वाइक’ नांवाचें यीस्ट ह्याला अपवाद आहे. तें ३० ते ४० अंशांतही स्वच्छ काम करतें. तेथील शेतकरी तें गवताच्या किंवा लाकडाच्या कड्यावर वाळवून, आपण बियाणें ठेवतों तसें, पुढच्या खेपेसाठीं ठेवीत असत.

दुधाचा कस पाहण्यास जसा लॅक्टोमीटर, तसा काढ्याचा कस पाहण्यास हायड्रोमीटर. आरंभीं तो १.०४५ च्या आसपास दिसावा, व आंबून झाल्यावर १.०११ च्या. दोहोंमधील अंतराला १३१ नें गुणलें कीं मद्यार्काचें शेंकडा प्रमाण कळतें. येथें तें साडेचारच्या जवळ येतें. बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलें, असें समजूं नये. दोन-तीन दिवसांच्या अंतरानें दोनदां माप घ्यावें, व तें तेंच आलें तरच बाटल्या भराव्या. यास साधारण दोन आठवडे लागतात.

ह्या मुद्द्यावर आम्ही मुद्दाम थांबतों, कारण येथें प्रश्न चवीचा नसून हातापायांचा व डोळ्यांचा आहे. बाटली भरतांना लिटरला सहा ग्रॅम साखर घालतात. बंद बाटलींत यीस्ट ती खातें, आणि बाहेर जाण्यास वाट न उरलेला वायु बिअरमध्यें मुरून फेस बनतो. पण आधींचीच साखर शिल्लक असतांना घाईनें बाटल्या भरल्या, किंवा अंदाजानें चमचाभर अधिक टाकली, तर कांच फुटून तिच्या कपच्या खोलीभर उडतात. साखर वजन करूनच घालावी. बाटल्या जाड, बिअरसाठींच केलेल्या असाव्या. मुरंब्याच्या बरण्या अथवा पातळ कांच घेऊं नये. भरलेल्या बाटल्या दोन आठवडे खोलीच्या उष्णतेवर, झांकण असलेल्या खोक्यांत, मुलांच्या हातीं न लागतील अशा ठेवाव्या, आणि मग थंड कराव्या. तळाशीं बसलेला गाळ म्हणजे यीस्टच. ओततांना तो मागें राहूं द्यावा.

कोणी विचारील, घरच्या मद्यानें माणसें मेल्याच्या बातम्या येतात त्याचें काय? मुंबईंत मालवणी येथें २०१५ सालीं विषारी दारूनें शंभरावर माणसें दगावलीं, तीं मिथेनॉल ह्या विषानें. सातू आंबवून केलेल्या बिअरमध्यें तें धोक्याच्या प्रमाणांत निर्माण होत नाहीं. संकट येतें तें कारखान्यांतील मिथेनॉल दारूंत मिसळणाऱ्यांकडून. पण यावरून घरीं भट्टी लावण्यास हरकत नाहीं असा अर्थ कोणी काढूं नये. जेथें बिअरला मोकळीक आहे त्या इंग्लंडांत व अमेरिकेंतही परवान्यावांचून दारू ऊर्ध्वपातित करणें गुन्हाच आहे. बिअरमध्यें विष नाहीं म्हणून ती औषध आहे, असेंही नव्हे. मद्याचें अमुक एक प्रमाण निर्धोक असें म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे.

राहिला चोथा. साखर निघून गेली तरी प्रथिन व तंतू त्यांत शिल्लक असतात, म्हणून बिअरच्या कारखान्यांजवळचे गवळी तो गाड्या भरून नेतात. दुभत्या जनावरांना तो आवडतो. मात्र त्यांत पाण्याचाच भाग मोठा असल्यामुळें पेंडीच्या वजनाइतक्या वजनाला पेंडीचा भाव देऊं नये. ताजा असेल तेव्हांच, वैरणीबरोबर, थोड्यापासून आरंभ करून द्यावा. आपल्या उन्हाळ्यांत तो दुसऱ्याच दिवशीं आंबट होतो व त्यावर बुरशी येते. असा चोथा उकिरड्यावर टाकावा, जनावरांपुढें ठेवूं नये. उकळून उरलेले हॉप्स निराळे काढावे आणि ते उकिरड्याच्या खड्ड्यांत खोल पुरावे, कारण कुत्र्यानें ते खाल्ले तर त्याचा ज्वर भडकून तें दगावण्याचा संभव असतो.